आचार्य धर्मानंद कोसंबी यांच्या यात्रेचे मावंदे

काशीयात्रा करून आलेला गृहस्थ घराच्या उंबरठ्याशी पोचला म्हणजे त्याची यात्रा संपली, असे आपले पूर्वज मानीत नसत. गंगोदकाची पूजा व्हावी, आप्तेष्ट व ग्रामस्थ पंक्तीस बसावेत, मावंदे घातले जावे, तेव्हाच यात्रा सुफळ संपूर्ण झाली अशी आपली रूढी. या रूढीत मोठे मर्म आहे. यात्रेकरूने मिळविलेले पुण्य त्याच्या एकट्याच्या मालकीचे नसते. मागे राहून ज्यांनी घर सांभाळले, वाटेत ज्यांनी ओसरी दिली व ताटात घास वाढला, त्या सर्वांचा त्यात वाटा असतो. तो वाटा चुकता करणे म्हणजेच मावंदे. गोमंतकाचे एक थोर सुपुत्र आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र या दृष्टीने वाचकांपुढे ठेवावे, असा आमचा या लेखात मानस आहे.

प्रारंभीच एक खुलासा करणे अवश्य आहे. धर्मानंदांचे जन्मग्राम सांखवाळ. आमच्या साखळीच्या नावाशी त्या नावाचे साम्य असल्यामुळे ते आमच्याच गावचे असावेत, असा काहींचा समज होतो. साखळी ही वाळवंटी नदीच्या काठची, डिचोली महालातील, नव्या काबिजादीतली. सांखवाळ हे त्याकाळच्या सासष्टीतले, आज मुरगाव तालुक्यात मोडणारे, जुन्या काबिजादीतले गाव. दोहोंमध्ये मांडवी व जुवारी या दोन्ही नद्या आडव्या येतात. तथापि सांखवाळचे नाव आपल्या देवस्थानांच्या इतिहासात परके नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेचा जाच असह्य झाला तेव्हा सांखवाळचा श्रीलक्ष्मीनृसिंह १५६७ साली वेलिंगास नेण्यात आला, आणि सांखवाळचीच श्रीविजयादुर्गा केरी येथे स्थिरावली. आमच्या डिचोली महालातील नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वरही दिवाडी बेटावरूनच इकडे आला, आणि त्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली केला, हे वाचक जाणतातच. ज्या भूमीत देवांनाही घर सोडावे लागले, त्या भूमीतील माणसाला घर सोडण्याचे दुःख व परतण्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी झाला. घरची स्थिती बेताची, उपजीविका माडांच्या बागायतीवर. सरकारी शिक्षण पोर्तुगीज भाषेत चाले. मराठी शिकावयाचे तर खाजगी शिक्षकाखेरीज गत्यंतर नव्हते. तेव्हा जे काही अक्षरज्ञान पदरी पडले तेवढ्यावर भागवून या मुलाला लहानपणीच बागेची देखरेख पत्करावी लागली. १८९१ च्या सुमारास, वयाची पंधरा वर्षे भरतात न भरतात तोच, मुरगावकडील चिखलीच्या लाड घराण्यातील बाळाबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. येथवरच्या हकीकतीत त्याकाळच्या शेकडो गोमंतकीय तरुणांपेक्षा वेगळे असे काहीच नव्हते.

वेगळी होती ती वाचनाची भूक. तुकोबारायांच्या अभंगांनी त्यांच्या मनाला पहिला आधार दिला. पुढे १८९७ च्या सुमारास ‘बालबोधमेवा’ नावाच्या लहान मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या हाती आले, आणि त्या चार पानांनी या तरुणाच्या आयुष्याची दिशा पालटली. बुद्धाचा उपदेश मूळ ग्रंथांतून समजावून घ्यावा, त्यासाठी पडतील ते कष्ट सोसावेत, असा ध्यास त्यांनी घेतला. परंतु गोव्यात बसून हे साधावे कसे? ग्रंथ नाहीत, गुरू नाही, गाठी पैसा नाही. घर सोडण्याचे आधीचे प्रयत्न सिद्धीस गेले नव्हते. वडील निवर्तल्यानंतर मात्र त्यांचा निश्चय झाला, आणि १८९९ च्या अखेरीस त्यांनी सांखवाळ सोडले. त्यावेळी त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते. थोरली कन्या माणिक हिचा जन्म त्याच वर्षीचा.

येथे आम्हांस थोडे थांबणे प्राप्त आहे. थोरांची चरित्रे लिहिताना गृहत्यागाचा प्रसंग आला की लेखकाच्या लेखणीला स्फुरण चढते, आणि मागे उरलेल्यांचा विसर पडतो. धर्मानंद ज्ञानाच्या वाटेने निघाले हे खरे. पण त्याच दिवशी एक तरुण स्त्री तान्ह्या मुलीला मांडीवर घेऊन मागे राहिली, हेही तितकेच खरे. पती केव्हा येणार, येणार की नाही, याचे उत्तर तिला कोणी देऊ शकत नव्हते. घरात पती नाही आणि वैधव्यही नाही, अशा स्थितीतील स्त्रीला त्याकाळी समाजात काय सोसावे लागे, हे आमच्या वृद्ध भगिनींना सांगावयास नको. धर्मानंदांच्या यात्रेचा पहिला खर्च बाळाबाईंनी भरला, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने.

सांखवाळहून निघालेला हा यात्रेकरू प्रथम पुण्यास पोचला. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची त्याने भेट घेतली. एकीकडे साऱ्या हिंदुस्थानात मान्यता पावलेले प्राच्यविद्यापंडित, आणि दुसरीकडे गोव्यातून आलेला, परीक्षा न दिलेला, अंगावरच्या वस्त्रांनिशी उभा असलेला तरुण. ही भेट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संदर्भ यावयाचा आहे. पुण्याहून ग्वाल्हेरमार्गे धर्मानंद काशीस गेले. अन्नछत्रात जेवावे आणि शास्त्र्यांच्या घरी संस्कृत शिकावे, असा तेथील गरीब विद्यार्थ्यांचा क्रम. तोच त्यांनी पत्करला. कोणा अज्ञात दात्याने पूर्वी कधी काळी ठेवलेल्या अन्नदानाच्या निधीवर गोमंतकाचा हा पुत्र संस्कृतात तयार झाला.

१९०२ च्या प्रारंभी एका नेपाळी सहाध्यायाच्या संगतीने ते नेपाळात गेले. बुद्धाचा धर्म तेथे जिवंत सापडेल अशी त्यांची अपेक्षा होती. ती फोल ठरली, आणि ते खिन्न मनाने बुद्धगयेस आले. तेथून कलकत्ता, आणि कलकत्त्याहून थेट दक्षिणेस सिंहलद्वीप, असा लांबचा पल्ला त्यांनी त्याच वर्षी गाठला. कोलंबो येथील विद्योदय विद्यालयाचे प्रमुख श्रीसुमंगल महास्थविर यांनी या परदेशी विद्यार्थ्याला आश्रय दिला. तेथे त्यांनी प्रव्रज्या घेतली, चीवर धारण केले, आणि ज्या पाली भाषेसाठी घर सोडले होते त्या भाषेचे अध्ययन अखेर आरंभिले.

पुढील चार वर्षांची हकीकत म्हणजे अखंड भ्रमण होय. सिंहलद्वीपातील आहार प्रकृतीस मानवेना म्हणून ते मद्रासेस आले. मद्रासेहून ब्रह्मदेशात गेले आणि तेथील विहारांत राहून त्यांनी ध्यानमार्गाचा व ग्रंथांचा अभ्यास केला. मध्यंतरी हिंदुस्थानात परतून सारनाथ, कुशिनारा आदी बुद्धक्षेत्रांची यात्रा केली; पुन्हा ब्रह्मदेश गाठला. भिक्षूने द्रव्याचा संग्रह करावयाचा नसतो. मिळेल ती भिक्षा घ्यावी, कोणी तिकीट काढून दिले तर गाडीत बसावे, नाही तर पायी चालावे. अशा प्रवासात भाषा न जाणणाऱ्या माणसांनीही त्यांना भात वाढला व रात्रीपुरती जागा दिली. पुढे लौकिक मिळाल्यावरही धर्मानंद या उपकारांस विसरले नाहीत. ‘निवेदन’ हे त्यांचे आत्मचरित्र १९२४ साली प्रसिद्ध झाले. ते वाचणाऱ्यास असे दिसून येईल की, स्वतःच्या विद्वत्तेविषयी बोलताना लेखक हात आखडता घेतो, परंतु ज्याने उपकार केला त्याचे नाव सहसा गाळत नाही.

१९०६ साली ते ब्रह्मदेशाहून कलकत्त्यास आले, आणि येथून त्यांच्या परतीच्या वाटेस आरंभ झाला. ही परतीची वाट मित्रांच्या घरांवरून जाते. कलकत्त्यात प्रथम भेटले ते हरिनाथ डे. अनेक भाषांवर असामान्य प्रभुत्व असलेले हे बंगाली विद्वान धर्मानंदांपाशी पाली शिकू लागले. सत्येंद्रनाथ टागोर यांच्यासारख्या थोर गृहस्थांचाही स्नेह जडला. वंगभंगाच्या चळवळीने बंगाल तेव्हा पेटलेला होता. त्या चळवळीतून निघालेल्या राष्ट्रीय महाविद्यालयात धर्मानंदांची पालीचे अध्यापक म्हणून नेमणूक झाली. सात वर्षांपूर्वी गुरू मिळावा म्हणून वणवण फिरणारा तरुण आता स्वतः गुरू झाला होता.

याच सुमारास त्यांनी चीवर उतरविले. बौद्ध संघाच्या नियमांप्रमाणे भिक्षूला विधिपूर्वक दीक्षा परत करून गृहस्थाश्रमात येता येते. त्यात अधर्म मानला जात नाही. तथापि सात वर्षे ज्या ध्येयापायी सर्वस्व सोडले, त्या ध्येयाचे बाह्य चिन्ह स्वतःच्या हातांनी बाजूस ठेवणे सोपे नसते. शिवाय घरी जावयाचे म्हणजे ज्यांना सोडून आलो त्यांच्यापुढे उभे राहावयाचे. वनात राहण्यास धैर्य लागते असे आपण म्हणतो. आम्हांस वाटते, वनातून घराकडे येण्यास त्याहून अधिक धैर्य लागते. ऊन, पाऊस व उपास यांना माणूस तोंड देऊ शकतो. सात वर्षे वाट पाहिलेल्या पत्नीच्या मौनाला तोंड देणे अवघड.

१९०६ सालीच धर्मानंद गोव्यात परतले. कडेवर घेता येणारी माणिक आता सात वर्षांची झाली होती. पित्याचे मुख तिने समजत्या वयात प्रथम पाहिले ते तेव्हा. त्या भेटीत कोण काय बोलले हे रंगवून सांगण्याचा मोह आम्ही आवरतो. सांगण्याजोगी गोष्ट एवढीच की, धर्मानंद भेटीपुरते येऊन पुन्हा निघून गेले नाहीत. बाळाबाईंना बरोबर घेऊन ते कलकत्त्यास गेले, आणि मोडलेला संसार पुन्हा मांडण्याचा प्रयत्न त्यांनी केला. ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात त्यांच्या पुत्राचा जन्म झाला. आजोबांचे नाव धारण करणारा हा दामोदर पुढे गणितज्ञ व इतिहाससंशोधक म्हणून जगभर कीर्ती पावला, आणि गोव्याच्या जुन्या काबिजादीतील ग्रामसंस्थांवर त्यानेही लेखन केले.

पाऊल घरी पोचले. यात्रा मात्र अजून संपली नव्हती. मावंदे राहिले होते. जे ज्ञान सिंहली व ब्रह्मी गुरूंकडून मिळाले ते कलकत्त्याच्या महाविद्यालयात शिकविले तर बंगालला लाभ होईल. पण ज्या मराठी भाषेच्या एका बालमासिकाने आपणांस वाटेला लावले, त्या भाषेचे ऋण कसे फिटणार, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. अशा वेळी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले. अट एवढीच की महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाकाठी एक ग्रंथ लिहून द्यावा. कलकत्त्यास राहिले असते तर यापेक्षा कितीतरी अधिक वेतन मिळण्याची निश्चिती होती. धर्मानंदांनी १९०८ साली पन्नास रुपये पत्करले व कलकत्ता सोडली. घरी पत्नी व दोन मुले असलेल्या माणसाने हा निर्णय घेतला, हे लक्षात घेतले म्हणजे त्याची किंमत कळते. त्या किमतीचा भार पुन्हा एकदा बाळाबाईंनी उचलला, हेही विसरून चालणार नाही.

याच परतीच्या वाटेवर डॉ. भांडारकरांशी त्यांचा पुन्हा संबंध आला. १८९९ साली दाराशी आलेला निर्धन विद्यार्थी आता पाली वाङ्मयाचा अधिकारी जाणकार होता, आणि वयोवृद्ध भांडारकर त्याच्याशी त्या विषयाची चर्चा आस्थेने करीत. मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळावे म्हणून धर्मानंदांनी जी खटपट केली तिला भांडारकरांचा मोठाच पाठिंबा लाभला. विद्येच्या क्षेत्रात यासारखे दुसरे मावंदे कोणते असावे? ज्या ओसरीवर आपण रिक्त हस्ताने बसलो, त्याच ओसरीवर भरल्या ओंजळीने परत येण्याचे भाग्य फार थोड्यांना लाभते.

पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला, आणि ‘विसुद्धिमग्ग’ या बुद्धघोषाचार्यांच्या महाग्रंथाच्या संपादनासाठी ते १९१० साली अमेरिकेस गेले. बागेत माड राखणारा मुलगा हार्वर्डसारख्या विद्यापीठात पंडितांच्या बरोबरीने बसला. परंतु श्रेय कोणाचे किती, यावरून प्राध्यापक लानमन यांच्याशी मतभेद झाले, आणि आपल्या श्रमांचे उचित श्रेय मिळणार नाही असे दिसताच स्वाभिमान राखून ते १९१२ साली मायदेशी परतले. आल्यावर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीचे अध्यापन आरंभिले व सहा वर्षे चालविले. चिं. वै. राजवाडे, ना. के. भागवत, पु. वि. बापट हे पुढे नावारूपास आलेले पालीचे अभ्यासक त्यांचे शिष्य. १९१८ साली ते पुन्हा अमेरिकेस गेले तेव्हा माणिक व दामोदर या दोन्ही मुलांना त्यांनी बरोबर नेले. ज्या कन्येला तान्ही असता सोडून जावे लागले होते, तिला बापाने स्वतः नेऊन अमेरिकेत उच्च शिक्षण दिले. सात वर्षांचा वियोग त्याने भरून निघाला असे आम्ही म्हणणार नाही; पण ऋणाची जाणीव त्यात स्पष्ट दिसते.

१९२६ व १९३१ साली ते आणखी दोनदा अमेरिकेस गेले; १९२९ साली रशियात लेनिनग्राड येथे गेले. परंतु प्रत्येक वेळी ते परत आले, आणि येताना आपल्या लोकांसाठी काहीतरी घेऊन आले. अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन त्यांनी कारावास पत्करला. मुंबईत परळच्या कामगारवस्तीत ‘बहुजनविहार’ उभा करून विद्या कष्टकऱ्यांच्या दारी नेली. आणि या सर्व धामधुमीत लेखणी खाली ठेवली नाही. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’, ‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘समाधिमार्ग’, ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’, ‘भगवान बुद्ध’ अशी ग्रंथमाला त्यांनी सोप्या व सरळ मराठीत सिद्ध केली. त्यांतील काही मते आमच्यासारख्या देवालयसेवकांना मान्य होण्यासारखी नाहीत, आणि ती मान्य व्हावीत असा लेखकाचाही आग्रह नव्हता. परंतु मतभेद बाजूस ठेवून असे म्हटले पाहिजे की, पाली वाङ्मयाचे भांडार मराठी वाचकांसाठी खुले करण्याचे कार्य त्यांच्याइतक्या निष्ठेने दुसऱ्या कोणी केले नाही. ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ पुढे साहित्य अकादमीने अन्य भारतीय भाषांतही प्रसिद्ध केला. ज्या ‘विसुद्धिमग्गा’साठी त्यांनी समुद्रापार श्रम केले, त्याची देवनागरी आवृत्ती १९४० साली भारतीय विद्याभवनाने काढली; हार्वर्डची आवृत्ती निघण्यास १९५० साल उजाडावे लागले. तोवर आचार्य हयात नव्हते. ४ जून १९४७ रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, महात्माजींच्या सेवाग्राम आश्रमात त्यांनी शांत चित्ताने देह ठेवला.

आचार्यांच्या चरित्राचा हा धावता आलेख आम्ही मुद्दाम परतीच्या दृष्टीने मांडला आहे. कारण आज डिचोली, सत्तरी, पेडणे या आपल्या भागांतील असे घर विरळा की ज्यातील कोणी ना कोणी परदेशी नाही. कोणी आखातात, कोणी विलायतेत, कोणी बोटीवर. आचार्यांना सिंहलद्वीप गाठण्यास दोन वर्षांहून अधिक काळ लागला. आज पेडणे तालुक्यातील मोपा येथे २०२२ साली उद्घाटन झालेल्या विमानतळावरून मनुष्य समुद्र ओलांडून काही तासांत दूरदेशी पोचतो. प्रवास सुलभ झाला, हे चांगलेच झाले. परंतु घरी येणे त्यामुळे सुलभ झाले आहे काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा. विठ्ठलापूरच्या चैत्रोत्सवास आठ दिवसांच्या रजेवर यावे, पंक्तीस बसावे, पेट्या रिकाम्या कराव्यात आणि निघून जावे, एवढ्याने परतणे पुरे होत नाही. वाटेत ज्यांनी आश्रय दिला त्या मित्रांची आठवण ठेवणे, मागे राहून ज्यांनी घराचा दिवा तेवत ठेवला त्यांच्यापुढे नम्र होणे, आणि दूरदेशी जे उत्तम मिळाले ते आपल्या माणसांना त्यांच्या भाषेत वाटून देणे, ही तीनही कर्तव्ये धर्मानंदांनी यथाशक्ती केली. जेथे ते उणे पडले तेथे बाळाबाईंच्या सहनशीलतेने ते उणेपण झाकले.

मावंद्याच्या दिवशी पहिला मान यात्रेकरूचा असतो खरा. पण घर राखणाऱ्या गृहिणीनेच त्या दिवशीचा स्वयंपाक रांधलेला असतो. परदेशाहून येणाऱ्या आमच्या मुलाबाळांनी ही गोष्ट ध्यानी धरावी, आणि त्यांना निरोप देणाऱ्या घरांनीही आपले मोल ओळखावे, एवढे नम्रपणे सुचवून, आचार्यांच्या व बाळाबाईंच्या स्मृतीस वंदन करून आम्ही हा लेख पुरा करतो.